डावीकडे सोडून कुठंही

शेखररावांची कंबर आणि शेखररावांची मोटारसायकल यांनी एकाच घरात राहायचं की नाही, याचा निकाल रविवारी जेवणाच्या आत लागायचा होता. निकाल देणार होत्या लताबाई, आणि समता कॉलनीतल्या त्या घरात अपिलाची सोय नव्हती.

"रोज वाकून वाकून नवा रायपूरले जाता, वाकून वाकून परत येता, आणि मलम मी चोळून राहिली," लताबाईंनी बजावलं होतं. "रविवारी दादाकडं जेवायले जायचं आहे. उतरताना एकदा जरी कण्हले, तर गाडी दादाची. सोमवारपासून तुम्ही ऑफिसच्या बसनं."

शेखररावांना बसचा राग नव्हता. पण चार वेळा हप्ते चुकवून, सहा वेळा रंग बदलायचा विचार करून सांभाळलेली गाडी मेव्हण्याच्या दारात उभी राहिलेली पाहायची, हे काही त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी गुपचूप रायझर मागवले. रायझर म्हणजे हँडलच्या खाली बसवायचे दोन धातूचे ठोकळे. हँडल वर येतं, माणूस ताठ बसतो, कंबर गप्प राहते.

शुक्रवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ते बसवायला धर्मपाल आला. दोघंही एकाच खात्यात, तपासणी शाखेत. ठोकळे बसले, बोल्ट आवळले. मग धर्मपालने खोक्यातला कागद उलगडला.

"शेखरभाऊ, हँडल दोन्हीकडं पुरं वळवून पाहा म्हणते. ब्रेकचा पाइप पुरते की नाही ते."

शेखररावांनी हँडल उजवीकडे वळवलं. मुठीपासून टाकीखाली जाणारा पाइप झोपाळ्यासारखा ढिला पडला.

"पुरून उरला! झालं."

"आणि डावीकडं?"

डावीकडे भिंत होती. हँडल वळवायचं तर आधी गाडी मागे ओढायला हवी होती, आणि गाडी ओढायची तर कंबर लागणार होती.

"धर्मपाल, आपण पुरा माल कधी तपासला का रे?"

"नाही भाऊ. नमुना घेतो, सही करतो."

"मंग! अर्धं हँडल पास झालं. आता दुसऱ्या अर्ध्यावर अविश्वास काहून दाखवायचा?"

धर्मपाल वीस वर्षं त्याच शाखेत होता. त्याला हे पटलं.

नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आणि सरळ, की तिथे वळायचं म्हणजे नुसतं मनात आणायचं. शेखरराव राजासारखे ताठ बसून घरी आले. त्यांची गल्लीही नेमकी उजव्या हाताला. शनिवारी ते घरात शीळ घालत फिरले, आणि लताबाईंना उगाचच संशय आला.

रविवारी लताबाई दहीवड्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसल्या. गल्लीच्या तोंडाशी शेखररावांनी हँडल डावीकडे वळवलं. ते जेमतेम दोन बोटं वळलं आणि अडलं. खाली पाहिलं, तर ब्रेकचा पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला. आणखी जोर लावला असता तर पाइप निखळला असता आणि ब्रेक गेला असता. त्यांनी शांतपणे हँडल उजवीकडे घेतलं.

"अहो! दादाचं घर इकडं आहे ना!"

"माहीत आहे."

"मग तिकडं कुठं चालले?"

"इकडूनही जाता येते."

जाता येत होतं, कारण पृथ्वी गोल आहे. डावीकडे जायचं तिथे शेखरराव सरळ पुढे जात, उजवीकडे वळत, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि मूळ रस्ता आडवा ओलांडत. एका औषधाच्या दुकानावरून ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं काउंटरवरून मान बाहेर काढली.

"भैया, कोई पता ढूँढ रहे हो क्या?"

"नहीं नहीं, पता है!" शेखरराव ओरडले.

"पता आहे तर जात काहून नाही?" मागून लताबाई. "दहीवडे आंबून राहिले! खरं सांगा, काय भानगड आहे?"

माणूस अडचणीत आला की देवाकडे वळतो. तेवढं वळण उजवीकडे होतं.

"नवस केला मी," शेखरराव म्हणाले. "कंबर बरी होऊ दे म्हणून. आज सगळी वळणं उजवीकडून घ्यायची. प्रदक्षिणेसारखी."

लताबाईंचा हात हळूच त्यांच्या खांद्यावर आला. "आधी नाही सांगायचं का? मी उगाच बोलून राहिली."

पुरानी बस्तीत विनायकदादांची गल्ली देवळाला लागून, आणि अर्थातच डावीकडे. शेखररावांनी देवळाला फेरे घातले. प्रत्येक फेऱ्यात लताबाई डबा सावरत हात जोडत होत्या. फुलं विकणाऱ्या बाईनं भक्ती पाहून हँडलला झेंडूचा हार घातला. शेवटी पलीकडच्या टोकाची उजवी वाट सापडली आणि गाडी दारात उभी राहिली.

शेखरराव उतरले. कण्हले नाहीत. उलट थोडे नाचल्यासारखे उतरले.

"पावला देव," लताबाई गहिवरून म्हणाल्या. "गाडी राहील."

तेवढ्यात विनायकदादा बाहेर आले. त्यांचं पोट आधी आलं, मग ते आले. गाडी पाहून त्यांनी सहज तिच्यावर टांग टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! हँडल वर केलं का भाऊजी? लते, खरं सांगू? तुले मी हो म्हणून राहिलो होतो, पण मागच्या खेपेले चालवायले बसून पाहिलं तर टाकी पोटात शिरे. आज नाहीच म्हणणार होतो. पण आता? आता तर हीच पाहिजे!"

"नाही रे दादा, आता ह्यांचा नवस—"

"बहिणीले मी आजपर्यंत काही मागितलं का, लते?"

लताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गाडी अर्धी गेलेली होती, आणि शेखररावांचा तोल सुटला.

"पण ती डावीकडं वळत नाही!"

"काय म्हणाले?" लताबाईंनी विचारलं.

"ब्रेकचा पाइप आखूड पडला. डावीकडं हँडल जातच नाही. घेऊ नका भाऊ, धोका आहे!"

"म्हणजे नवस?"

विनायकदादांनी वाकून पाइप बोटानं छेडला. तो तंबोऱ्यासारखा वाजला.

"एवढंच? लांब पाइप टाकून घेतो ना मी. उद्याच."

लताबाईंनी नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि भावाच्या हातावर ठेवली. मग हातातला डबा उघडून पाहिला, वास घेतला, आणि तो शेखररावांच्या हातावर ठेवला. "हे तुम्हीच खा."

सोमवारी सकाळी शेखरराव ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी ताठ बसले होते. चौक आला. ड्रायव्हरच्या एका कानाला फोन होता. त्यानं दुसऱ्या हाताच्या नुसत्या तळव्यानं चाक फिरवलं, आणि एवढी मोठी बस, अख्ख्या खात्यासकट, लोण्यासारखी डावीकडे वळली.

शेखररावांना ते बघवलं नाही. त्यांनी तोंड फिरवलं.