कॅप्टनसाहेब, जिवंत माल

मालवाहू विमानाच्या कॅप्टनसाहेबांनी एकुलत्या एका लेकीच्या लग्नासाठी रजा मागितली. कंपनीने ती सहानुभूतिपूर्वक फेटाळली. बदली पायलट उपलब्ध नव्हता आणि ऐन लग्नाच्या दिवशी साहेबांना भलत्याच दिशेला विमान न्यायचं होतं.

"अहो, तुमची कंपनी परक्यांच्या चपला वेळेवर पोचवते," फोनवर बायको कडाडली. "नवरीचा बाप तेवढा पोचवता येत नाही?"

साहेबांनी हाच प्रश्न ड्युटी ऑफिसरला विचारला.

"चपलांना आपण वेळेची हमी दिलेली असते, साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "तुम्हाला कुणी दिलीय?"

साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नाच्या आदल्या दिवशी ते कंपनीच्याच काउंटरवर गेले आणि त्यांनी घरच्या पत्त्यावर स्वतःचं बुकिंग केलं. प्रकार : जिवंत माल, तातडीचा.

"चावतो का?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"अजून तरी नाही."

माल होताच साहेबांचं नशीब उघडलं. पशुवैद्य आले आणि त्यांच्या पापण्या उचलून पाहताच संतापले. "याची कित्येक दिवस झोप झालेली नाही! मुक्या जिवाचे असे हाल कोण करतं?" पायलटांच्या खोलीतला पंखा वर्षभर बंद होता, मालाच्या शेडमध्ये मात्र गार हवा, ताजं पाणी आणि 'शांतता राखा'ची पाटी होती. हवेसाठी भोकं पाडलेल्या सीलबंद पेटीत साहेब चक्क घोरू लागले.

सकाळी ड्युटी ऑफिसर धापा टाकत आला. "साहेब, बाहेर या! तुमचं विमान खोळंबलंय!"

"सील तोडलंत तर हमी मोडेल," पेटीच्या भोकांतून आवाज आला.

ऑफिसरला दरदरून घाम फुटला. कॅप्टन चुकला तर कॅप्टनला नोटीस मिळते. माल चुकला तर ऑफिसरला. बघता बघता बदली पायलट सापडला. एक नव्हे, दोन.

लग्नाच्या हॉलच्या दारात पेटी उतरली. "माल तपासून सही करा," डिलिव्हरीवाला म्हणाला. बायकोने भोकातून आत डोकावून पाहिलं, सही केली आणि तिला रडूच कोसळलं.

ही सोय पुढे बंद झाली. साहेबांच्या पेटीला जागा करताना एक लहानसं खोकं मागे राहिलं होतं. ते दुसऱ्या दिवशी पोचलं, म्हणून ग्राहकाने खरमरीत तक्रार ठोकली. आता आणखी एका पायलटच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि तो बिचारा रजेसाठी हातापाया पडत हिंडतोय.

खोक्यात मोबाइलचं कव्हर होतं. रंग आवडला नाही म्हणून तुम्ही ते परत पाठवलंत, नाही का?