फॅमिली पूर्ण पाहिजे

मुरुडात एकही पाहुणा रुसलेला असेपर्यंत दिगंबर फोटोवाले लग्नातला ग्रुप फोटो काढत नाहीत. टॉवेल-टोपीचा मान राहिला म्हणून कुणी मामा मांडवामागं जाऊन बसला, की दिगंबरराव कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून त्याची समजूत घालायला जातात. जेवणं थंड होतात, नवरी उभ्यानं पेंगते. यांचं एकच, "फॅमिली पूर्ण पाहिजे."

माझं वार्ताहराचं टेबल त्यांच्या स्टुडिओला लागून आहे. गेल्या वर्षी त्यांनी मोबाइलवर सिंहपुच्छ माकडं पाहिली. काळं अंग, तोंडाभोवती पांढुरकी आयाळ. ती फार थोडी उरलीत आणि कळपानं राहतात, असं मी सांगितलं.

"म्हंजे खटल्याचं घर हाय," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी काउंटरमागं मोठी रिकामी फ्रेम टांगली. यात माकडांचा ग्रुप फोटो येणार, हे गावभर झालं. मग पासपोर्ट फोटोला आलेला माणूसही आधी विचारू लागला, "आली का माकडं?"

शेवटी आम्ही दोघं दक्षिणेतल्या डोंगरात गेलो. त्या जंगलात दुपारीही अंधार असतो. हवा इतकी दमट की भिंग पुसून होईपर्यंत पुन्हा वाफ धरतं. जळवांसाठी दिगंबररावांनी पायमोज्यांत तंबाखू भरली होती. तलफ आली की ते मोजा काढत.

परतायच्या दिवशी कळप आला. आडव्या फांदीवर सगळे ओळीनं बसले. आयांच्या पोटाशी पिल्लं. पानांतून थोडा उजेडही आला. दिगंबरराव कॅमेरा डोळ्याला लावून नुसते उभे.

"काढा ना," मी कुजबुजलो.

"थांबा. त्यो रुसलाय."

पलीकडच्या झाडावर एक म्हातारा नर आमच्याकडं पाठ करून बसला होता. दिगंबररावांनी त्याला चुचकारलं, हातानं इकडं सरकायची खूण केली. वाटाड्यानं कपाळावर हात मारला. उजेड गेला, मागोमाग कळप गेला. म्हातारा तेवढा राहिला. त्याच्या पाठीचा एक फोटो त्यांनी काढला.

तोच फ्रेममध्ये लागला. मुरुडात लोक म्हणाले, माकडानं बी तोंड फिरवलं. एके दिवशी दिगंबररावांनी फ्रेम उतरवली, नव्या टॉवेलात गुंडाळली आणि मला मोटारसायकल काढायला सांगितली.

त्यांच्या मुलीच्या लग्नात गडबडीत त्यांच्याच थोरल्या भावाची टॉवेल-टोपी राहिली होती. भाऊ मांडवातून उठून गावी गेला, तो पुन्हा आला नाही. त्या लग्नाचा ग्रुप फोटो नाही.

भाऊ ओट्यावर बसला होता. आम्हाला पाहून त्यानं पाठ फिरवली. दिगंबररावांनी टॉवेल सोडून फ्रेम त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती बराच वेळ पाहिली.

"याचं तोंड दिसत न्हाई."

"वळलाच न्हाई, दादा. लई थांबलो."

"बाकीचे?"

"थांबले व्हते. मग गेले."

दादानं फ्रेम भिंतीला टेकवली, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. झटकताना घडीतून नवी टोपी पडली. ती उचलून डोक्यावर घातली आणि घरात तीन चहा सांगितले.