दोन चाव्यांचे वाघमारे काका

पाथरीत आमच्या शेजारी वाघमारे काकांच्या घराला दोन कुलपं असायची. एक वरच्या कडीला, एक खालच्या. वरच्याची चावी काकांकडं, खालच्याची कमलकाकूंकडं. दुसऱ्याच्या चावीला हात लावायचा नाही. एकदा सकाळी दोघं कुलपं लावून निघाले, काका कामावर आणि काकू मानवतला लग्नाला. पाहुण्यांनी काकूंना मुक्कामी ठेवून घेतलं आणि चावी राहिली त्यांच्या पिशवीत. काका आमच्याकडंच जेवले, आमच्याकडंच झोपले. मी म्हटलं, "अहो, दुसरी चावी करून ठेवा की!" मी दरोडाच सुचवल्यासारखं त्यांनी बघितलं. "बाई, एकट्यानं उघडायचं न्हाई. नियम हाय."

नियम बँकेचा. काका हेड कॅशियर होते. तिजोरीच्या खोलीचं लोखंडी दार दोन चाव्यांनी उघडायचं, एक मॅनेजरसाहेबांची, एक काकांची. उभी हयात असं दार उघडल्यावर माणूस दुसरा कसा होणार! घरातलं गॅसचं सिलिंडर बदलायचं तरी ते मला साक्षीला बोलवायचे.

बँकेची ती जुनी इमारत आमच्या जन्माच्याही आधीची. पत्र्याच्या नि धाब्याच्या घरांत ही एकटी सपाट छताची, पुढं लांबलचक छज्जा, उन्हाच्या बाजूला सिमेंटची जाळी, आत गुळगुळीत मोझॅकची फरशी. ती फरशी बघून खेड्यातली माणसं पायरीवर चपला काढायची म्हणे. काका अजून काढतात. पुढं बँक मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत गेली आणि इथं बरीच वर्षं कबुतरं नांदली. शेवटी नगरपालिकेनं ती पोरींच्या अभ्यासिकेला दिली आणि सांभाळायला मी सापडले, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली.

काका रोज हजर. कुणी जाळीवर ओली ओढणी टाकली की ओरडायचे, "ए पोरी, जाळी वाऱ्यासाठी हाय, वाळवणासाठी न्हाई!" पोरी फिदीफिदी हसायच्या आणि गणित अडलं की त्यांच्याचकडं जायच्या. दिवाळीच्या आधी काकू गेल्या, तरी चार दिवसांत काका पुन्हा हजर. मला वाटलं, सावरले.

यंदा उन्हानं कहर केला. पोरींची परीक्षा तोंडावर आणि हॉलमध्ये बसवेना. तिजोरीची खोली तेवढी गार, भिंती हातभर जाड. पण नगरपालिकेच्या इंजिनियरनं बजावलं, ते लोखंडी दार काढल्याशिवाय आत कुणी बसायचं नाही, चुकून लागलं तर पोरी अडकतील. बरोबरच होतं त्याचं. काकांना सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला. "दार काढू नका, बाई," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

मला रागच आला. लोखंडाच्या दारासाठी रुसायचं हे वय आहे का? पण त्यांना दुखवून वेल्डरला बोलवायला मन धजेना. गेले त्यांच्या घरी.

दार सताड उघडं. दोन्ही कुलपं खिळ्याला लटकलेली. काका बुद्धमूर्तीशेजारच्या काकूंच्या फोटोसमोर खुर्चीत बसलेले.

"काका, बाहेर जाताना तरी कुलूप लावता ना?"

"कसं लावणार? दोन्ही चाव्या आता माझ्याचजवळ हायत. नियमात बसत न्हाई."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. म्हणजे काकू गेल्यापासून घराला कुलूपच नव्हतं, आणि शेजारी असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"लेक राणीसावरगावला बोलवायलीय," काका म्हणाले. "घर असं टाकून मुक्कामाला कसं जावं? न्हाई गेलो." मग खाली बघत म्हणाले, "दार काढू नका म्हणलो ते बँकेसाठी न्हाई, बाई. त्या दाराला दोन माणसं लागायची. दोन माणसं लागतील असं माझ्याकडं आता दुसरं काय राहिलंय?"

मी हात पुढं केला. "आणा इकडं, खालची चावी."

"घेतली तर रोज यावं लागंल. मी एकट्यानं उघडत न्हाई."

"येईन."

"आयतवारची सुट्टी न्हाई."

"नको बाबा सुट्टी. द्या आधी."

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला तेव्हा काकाही आले. दार निघेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले, डोळे पुसले, आणि मग पोरींना म्हणाले, "जा गं, बसा आत. लय गार हाय."

संध्याकाळी मला अभ्यासिकेतून निघायला उशीर झाला. धावतपळत पोचले तर काका त्यांच्या घराच्या बंद दारापुढं पायरीवर बसलेले, मांडीवर भाजीची पिशवी.

"चुकलंच काका. लय वेळ बसावं लागलं का?"

"लागलं की!" काका म्हणाले, आणि तोंडभर हसले. "लय दिवसांनी कुणाची तरी वाट बघायलो होतो, बाई. टेका जरा. उघडू सावकाश."