तपासणीला आणावी, आत आणू नये

चंद्राक्का दर शनिवारी दोघांना तेल लावते. आधी बंदुकीला, मग स्वतःच्या गुडघ्यांना. बाटली एकच. "दोघांचेही सांधे जुने गे," म्हणते, "पण बंदूक कुरकुरत नाही."

इकडे कन्नड मुलखात, येलहंक्याच्या जुन्या वस्तीत आमची भिंतीला भिंत आहे. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले, तेव्हा पहिल्याच सकाळी शेजारच्या ओट्यावर हे दृश्य पाहिलं. तेव्हा तिचे यजमान हयात होते. बंदूक त्यांच्या मांडीवर, आणि चंद्राक्का फडकं हातात घेऊन शेजारी. मी आत पळाले आणि नवऱ्याला म्हणाले, "अहो, शेजारी दरोडेखोर आहेत!" काय ती मी! चोवीस वर्षांची, डोक्यात शुद्धलेखनाचे नियम आणि जगाचा पत्ता नाही. चंद्राक्काचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षं इकडचं. तिच्या मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं. ती 'सरी' म्हणाली की मी 'बरं' म्हणून दुरुस्त करायची. बंदूकवालीचं मराठी सुधारायला निघालेली ही वीरांगना पाल दिसली की कॉटवर चढून नवऱ्याला हाका मारायची. आता माझी नातवंडं माझ्याच 'सरी'ला हसतात.

बंदुकीची हकीकत साधी आहे. तिच्या सासऱ्यांनी चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यात रानडुकरं हाकलायला घेतली, पुढे ती यजमानांकडे आली आणि ते गेल्यावर परवान्यासकट हिच्याकडे. घरात काडतूस एकही नाही. डुकरांनाही तिची फारशी भीती नव्हती, असं ऐकते.

चंद्राक्काचा खरा दारूगोळा म्हणजे तिचा एक प्रश्न. कोणी काहीही नाही म्हटलं की ती चष्मा वर सरकवते आणि विचारते, "रूल आहे की तोंडाचं?" रिक्षावाला 'तिकडे येणार नाही' म्हणाला, रूल आहे की तोंडाचं? डॉक्टर 'लोणचं बंद' म्हणाले, तरी तेच. डॉक्टरांनी शेवटी लोणचं लिहून बंद केलं. तिने तो कागद लोणच्याच्या बरणीखाली ठेवला.

गेल्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाचं निघालं, तेव्हा हिच्या डोक्यात शिरलं की सरकारी कचेरीत बंदूक नेता येते का, हे आधी पक्कं करावं. मग ही दिसेल त्या कचेरीत जाऊन तेवढंच विचारू लागली. पाण्याच्या बिलाच्या खिडकीवर हिने अगदी मऊ आवाजात विचारलं, "इथं बंदूक आणली तर चालते का हो?" आतला बाबू उभाच राहिला. महिनोन्महिने अडकलेली तिची तक्रार त्या दिवशी चहा निवायच्या आत मिटली.

"उत्तर काय मिळालं?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक नाही गे. पण सगळे बसा म्हणाले."

अखेर परवान्याच्या कचेरीतून निरोप आला: शस्त्र तपासणीसाठी आणावे. मीही सोबत निघाले. अशा वेळी घरी बसायला मी काही आता चोवीसची नाही. बंदूक जुन्या गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधली होती. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "पडद्याचा रॉड का अक्का?"

"हूं," अक्का म्हणाली. "स्वल्प जड आहे."

कचेरीच्या दारात गार्डने गोधडीवर हात ठेवला आणि तो चटका बसल्यासारखा काढला. पुढचं सगळं कन्नडात झालं; मी मराठीत सांगते.

"अज्जी, बंदूक आत नेता येणार नाही."

"आणा म्हणून तुमच्याच साहेबांनी सांगितलंय."

"ते आतले. मी दारातला."

"रूल आहे की तोंडाचं?"

गार्डने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. अक्काने ती मोठ्याने वाचली. "थुंकू नये. धूम्रपान करू नये. फोटो काढू नये. ह्यात बंदूक कुठं आहे?"

"ते काय लिहावं लागतं, अज्जी?" तो जवळजवळ रडकुंडीला आला. "लोक थुंकतात म्हणून थुंकायचं लिहिलं!"

मागे रांग साचली. एकाने विचारलं, शूटिंग आहे का? मी अक्काचा पदर ओढत होते, पण ती हलेना. ती बंदूक घेऊन आत जाऊ शकत नव्हती आणि बंदुकीशिवाय तिचं काम होत नव्हतं. नूतनीकरण चुकलं तर बंदूक पोलिस ठाण्यात जमा, आणि मग ती परत मिळेल याचा भरवसा नाही. गोधडीवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

गलका ऐकून अधिकारी स्वतः खाली आले. तरुण होते, कपाळावर विभूती. त्यांनी हात जोडले. "अज्जी, तुमचा परवाना बंदूक घरात ठेवण्यापुरता आहे, कुठंही नेण्याचा नाही. ड्यूटीवरचे सोडून कुणालाच कचेरीत हत्यार आणता येत नाही. तपासणीला आणायची तर आधी कळवायचं, रिकामी, झाकून, आणि दारातच ताब्यात द्यायची. आम्ही हे नीट लिहायला हवं होतं. चूक आमची."

अक्काला इतकं सरळ उत्तर आयुष्यात मिळालं नव्हतं. तिने चक्क गोधडी गार्डच्या हातात दिली. दाराशेजारच्या खोलीत बंदूक उघडून पाहिली, नंबर जुळवला, सही झाली. परवाना वाढला.

अधिकारी आणखी प्रेमाने म्हणाले, "आणि अज्जी, तुमचं वय बघून सांगतो, परवान्याच्या वार्षिक चौकशीला आता शिपाई घरी पाठवत नाही. उगाच त्रास नको. फोनवर विचारू, झालं."

"नको," अक्का म्हणाली.

"त्रास वाचेल हो."

"घरी यायला पाहिजे. तो येतो, बसतो, विचारतो. घरात कोण कोण? तब्येत कशी? रात्री झोप लागते का? शेजाऱ्यांशी भांडण आहे का?" तिचा आवाज खाली आला. "मुलगा बोम्मसंद्र्याला. हे शहर ओलांडून येईपर्यंत त्याचा रविवार संपतो. असं बसून विचारणारा तेवढा एकच येतो, साहेब. फोनवर कॉफी कशी देऊ?"

गार्डने उगाच सुतळीची गाठ पुन्हा बांधली. अधिकारी कागदावर काहीतरी खोडून म्हणाले, "येईल, अज्जी. शिपाई घरीच येईल. एखादे वेळी मीही येईन, कॉफी मिळणार असेल तर."

परतताना रिक्षात अक्का आनंदात होती, ट्रॅफिकलाही शिव्या देत नव्हती. मी मात्र हिशेब करत होते. भिंतीपलीकडे मी इतकी वर्षं राहिले, विरजण मागितलं, कढीपत्ता मागितला, तिच्या गोष्टी गावभर सांगून हशे मिळवले. झोप लागते का, हे काही विचारलं नव्हतं. शिपाई वर्षातून एकदा येणार. मधले दिवस कोणाचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दाराची कडी वाजवली आणि जमेल तेवढा जाड आवाज काढला.

"चौकशी आहे! घरात माणसं किती?"

दार उघडलं. अक्काने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून बाजूला ठेवले.

"आता दोन," ती म्हणाली. "बस."