बालवर्गातील शू-प्रकरणाची कैफियत

सकाळी साडेदहाचे सुमारास बालवर्गात नव्या मुलीस शू लागली. पुढे जे वर्तमान घडले ते, पदरचे काही न घालता, येथे लिहिले असे.

ते समयी शाळेत भाषावैविध्य सप्ताह जारी होता. मुख्याध्यापिका साहेब, सकल वर्गांच्या खाविंद, यांणी दरवाजावर 'सुस्वागतम्' हा शब्द बावीस भाषांत रंगवोन घेतला, आणि दरवाजाचे आत शाळेच्या भाषेखेरीज दुसरी बोलू नये ऐसा सक्त हुकूम फर्माविला, आणि दोहींत विरोध कोणास दिसला नाही. जे मूल घरची भाषा तोंडातून काढीत नसे, त्यास सप्ताहानिमित्त बिल्ला इनाम मिळे.

मुलगी उठोन बाईंसन्मुख उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, शू."

आता शाळेच्या भाषेत शू म्हणजे बूट. बाई बहुसांस्कृतिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊन नुकत्याच परतल्या होत्या. मुलाचे बोलणे मन लावून ऐकावे, हे तेथील मुख्य कलम. सबब त्यांणी मन लावून ऐकिले, आणि गुडघे टेकोन मुलीच्या बुटाची नाडी सोडोन पुन्हा बांधिली. मुलगी म्हणाली, "शू, शू." मग दुसऱ्या बुटाचीही बांधिली. मग मुलीने पाय आवळोन उड्या आरंभिल्या, तेव्हा बूट चावतो ऐसा तर्क करोन बाईंणी दोन्ही बूट उतरविले, आणि मोजेही. मुलगी रडकुंडीस आली. मग चौथीतून तिच्या थोरल्या बहिणीस दुभाषी म्हणोन पाचारण केले.

थोरली दाखल जाहली. छातीवर नवा बिल्ला. तर्जुमा करावा तर भाषा येते हे शाबीत, आणि भाषा येते हे शाबीत तर बिल्ला जप्त.

"ताई, सांग ना यांना. येतेय मला."

"गप गं. मला नाही येत ही भाषा," ताईने त्याच भाषेत, ओठ न हलविता बजाविले.

"मग काल माझं पांघरूण कुठल्या भाषेत ओढलंस?"

बाईंणी बिल्ल्याकडे पाहिले, आणि उभयतां बहिणींची मातृभाषा निराळी असावी, ऐसे अनुमान काढिले.

इकडे धाकटीचे अवसान सुटू लागले. वर्गातील मुले माना उंचावोन पाहात होती. आणखी क्षण जाता तर पोरीस शाळा सुटेपर्यंत एक नाव चिकटते, आणि ते शाळा सोडेपर्यंत निघतेना. ताईस हे ठाऊक होते. मग तिने शाळेच्या भाषेत बाईंस अर्ज केला, की इजला बूट नकोत, बाथरूम हवे, आणि वळोन घरच्या भाषेत, भर वर्गात, खड्या आवाजात म्हणाली, "चल गं, पळ. आवळून धर."

आणि अनवाणी धाकटीचा हात धरोन, परवानगीवाचून व्हरांडा ओलांडोन, ऐन वेळी मुक्काम गाठिला. फरशी कोरडी राहिली. सबब बहिणींची फत्ते जाहली, हे दप्तरी दाखल असे. बिल्ला दुपारी जप्त जाहला.

दुसरे दिवशी सकाळी बालवर्गात सहा मुले एकदम उठली. सहांच्या घरी सहा भाषा, आणि सहांच्या तोंडी एकच शब्द: "शू." ही कोणती भाषा धरावी आणि मनाई करावी की कसे, याचा खल मुख्याध्यापिका साहेबांचे दालनात चालू आहे. मुले अद्याप उभीच आहेत.