पोवारकाकांची शेवटची दहा मिनिटं

पोवारकाकांनी आजवर शेकड्यानं फुटबॉल मॅच पाहिल्या आहेत, पण एकही शेवटपर्यंत पाहिलेली नाही.

तीनला दहा कमी झाले की काका उठतात. पँटची धूळ झटकतात, बारा महिने सोबत असणारी छत्री काखेत मारतात, "चला, बस चुकंल," म्हणतात आणि मैदानाला पाठ करून चालू लागतात. मागे पेनल्टी चालू असो नाहीतर मारामारी, ते वळून बघत नाहीत. आमच्या कॉलेजांच्या स्पर्धेतली मॅच तीनला संपते. म्हणजे काकांच्या वाट्याला ती नेहमी दहा मिनिटं कमी येते. बरं, बस चुकण्याचे दिवस सरून त्यांना सहा वर्षं झाली. काका रिटायर आहेत.

मी भोसरीतल्या एका तंत्रनिकेतनात ड्रॉईंग शिकवतो. आयुष्यात कधी बॉलला पाय लावलेला नाही, म्हणूनच बहुधा मला क्रीडा समितीत घातलं. माझं काम एकच. मॅच संपली की निकाल फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचा आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा. आमची पोरं दर वर्षी पहिल्याच फेरीत हरतात आणि मी दर वर्षी वळणदार अक्षरात ते लिहितो. अर्ध्या मिलिमीटरसाठी पोरांची शीट परत देणारा माणूस मी. निकाल म्हणजे निकाल, त्यात इकडचं तिकडे झालेलं मला खपत नाही.

त्यामुळे काकांशी माझं पहिल्या दिवसापासून वाजलं.

काका मूळचे कोल्हापूरचे. विशीत भोसरीला आले आणि लेथवर उभे राहिले ते साठीलाच खाली बसले. सगळं जग ते सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजतात. बॉल बारवरून गेला तर "दोन सुतानं हुकला", टपरीच्या चहात साखर कमी पडली तर तेही "एक सूत कमी". मैदानावर त्यांची जागा ठरलेली, पलीकडच्या गोलपोस्टमागे, फोर्जिंग शॉपच्या भिंतीला टेकून. भिंतीआड हातोडा पडला की बुडाखालची जमीन हलते आणि मैदानावर आखलेली चुन्याची फक्की जरा उडते. हिवाळ्यातल्या त्या मऊ उन्हात, त्या धडधडीत काका अर्धवट डोळे मिटून मॅच बघतात. झोपलेत असं वाटावं, तोच म्हणतात, "आता बघा, मॅच फिरली!"

मॅच कधीच फिरलेली नसते.

पण काका उठून जातात, अर्ध्या तासानं टपरीवर उगवतात आणि न पाहिलेली दहा मिनिटं सांगायला लागतात. तिथे मॅच हमखास फिरते. हरणारी पोरं जिंकतात. दर वेळी. ते ऐकायला टपरीवर शिफ्ट सुटलेली माणसं हातातला चहा गार करतात.

"वारा पडला," काका म्हणतात, "आन् लगा, सगळी पोरं एकदम गप. ते लांबट पोरगं न्हाई का, त्येनं बॉल असा उचलला. बॉल वर गेला, वर गेला, आन् खाली यायचंच इसरला. गोलकीपर बघतोय, रेफरी बघतोय, भिंतीवरचा कावळा बी बघतोय. मग सावकाश, पान गळतंय तसा आला आन् जाळीत बसला. कुणाला आवाज सुदिक न्हाई."

"काका," मी फळ्याच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या हातानं ग्लास घेत म्हणायचो, "शून्य-चार झाली मॅच. आपण हरलो."

"तुम्ही निकाल बघितला मास्तर," काका शांतपणे म्हणायचे. "मी मॅच सांगतोय."

आणि खरं सांगतो, ही दहा मिनिटं मला आवडायची. घरी जाऊन डोळे मिटले की मी स्वतः पाहिलेला गोल आठवायचा नाही, काकांचा तो खाली यायचं विसरलेला बॉल दिसायचा. याचा मला रागही यायचा.

या वर्षी मात्र एका शुक्रवारी आक्रीत घडलं. आमची गाठ गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी पडली. तीनला दहा कमी असताना आम्ही शून्य-एकनं मागे होतो. काका उठले, गेले. मॅच संपल्यावर फळा लिहून मी धापा टाकत टपरीवर पोचलो, तेव्हा काका सांगत होते, "...आन् दुसरा गोल हेडरनं. दोन-एक!"

"दोन-एक," मी म्हणालो. "हेडरनंच."

काकांच्या हातातली बशी तोंडाशीच थांबली.

"थट्टा करताय व्हय मास्तर?"

"मी निकालाची थट्टा करतो का?"

काका उठून मैदानाच्या कडेपर्यंत आले. आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून ओरडत होती. काका बराच वेळ बघत राहिले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण चेहरा पडलेला. "असं खरंच घडाया लागलं," ते हळूच म्हणाले, "तर मी काय सांगू?"

शनिवारी तर कहरच झाला. तिकडे सांगवीच्या मैदानावर फार्मसीच्या पोरांनी मॅनेजमेंटवाल्यांना घरी पाठवलं आणि इकडे आम्ही सेमीफायनल जिंकलो, एक-शून्य. काकांनी टपरीवर तीस पावलांवरून मारलेला गोल सांगितला होता. मी खरा सांगितला. बॉल समोरच्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला होता.

"गुडघ्याला?" काका दुखावले. "न्हाई न्हाई. असला गोल मी घेत न्हाई."

रविवारी फायनल, त्याच फार्मसीवाल्यांशी, म्हणजे रावेतच्या मोठ्या कॉलेजाशी. त्यांना स्वतःची बस, स्वतःचा कोच आणि पाण्याच्या बाटल्या धरायलासुद्धा वेगळा माणूस. आमच्या पोरांच्या डोक्यात एव्हाना पक्कं बसलं होतं की काका उठून गेले की मॅच फिरते. आमचा गोलकीपर इरफान, भोसरीतल्याच एका गॅरेजवाल्याचा मुलगा, सकाळीच काकांच्या दारात हजर. "काका, घड्याळ बरोबर आहे ना? तीनला दहा कमी म्हणजे दहा कमी हां! उगाच मोहात पडून बसाल."

मी मात्र उलट ठरवलं होतं. या माणसाला आयुष्यात एकदा तरी मॅचचा शेवट दाखवायचाच. तोही असा, जिथे त्याचं स्वप्न डोळ्यांदेखत खरं होण्याची शक्यता आहे. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.

मॅच काय झाली म्हणता! इरफाननं तीन गोल अडवले, एक तर चक्क नाकानं. तीनला दहा कमी झाले तेव्हा शून्य-शून्य होतं. काका उठायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं.

"बसा आज."

"बस चुकंल, मास्तर."

"कसली बस काका? सहा वर्षं झाली रिटायर होऊन! कुठे जायचंय तुम्हाला?"

काका बसले. पण त्यांचं लक्ष मैदानावर नव्हतं, रस्त्याकडे होतं. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी उडत होती. एक मिनिट गेलं असेल. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मूल शाळेच्या फाटकातून आईला शोधतं, तसं काहीतरी त्या नजरेत होतं.

"हात सोडा मास्तर," ते म्हणाले. "पोरगं वाट बघंल."

मी हात सोडला. आणि का कोण जाणे, खडू आणि कागद शेजारी बसलेल्या आमच्या एका सरांच्या हातात कोंबून त्यांच्या मागे निघालो.

काका जवळजवळ पळत होते. चौकातल्या स्टॉपवर पोचतो न पोचतो, तोच चाकणच्या कंपनीची पांढरी बस वळणावर दिसली. सेकंड शिफ्टची. त्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, रविवार त्यांना इतर दिवसांसारखाच. बस सिग्नलला हळू झाली. तिसऱ्या खिडकीचा पडदा सरकला आणि काकांसारख्याच रुंद कपाळाचा, पस्तिशीतला एक माणूस काचेला नाक लावून दिसला. त्यानं हनुवटी उडवून विचारलं, काय झालं?

काकांनी छत्री स्टॉपच्या कठड्याला अडकवली आणि दोन्ही मुठी आभाळात उंचावल्या. जिंकलो!

आतला माणूस हसला. त्यानं काचेवर हात आपटला, अंगठा दाखवला. सिग्नल सुटला. बस गेली.

एवढंच. सगळं मिळून अर्धा मिनिट.

"संदीप माझा," काका म्हणाले. "माझ्याच कंपनीत लागला. सांगवीला ऱ्हातो. कायम सेकंड शिफ्ट घेतलीया, सकाळी पोरांस्नी शाळंत सोडाया लागतंय म्हणून."

"मग भेट होत नाही?"

"हुती की, सणासुदीला. सून जेवाय वाढती. भांडण न्हाई काय न्हाई." ते स्टॉपच्या कठड्यावर टेकले. "त्याची आई हुती तवा तीच बोलायची दोघांच्या वतीनं. आता फोन केला तर 'जेवलास?' 'जेवलो.' 'तुम्ही?' 'मी बी.' झालं. फुडं दोघं बी गप. पण खिडकीतनं इचारतो बघा, रोज. मॅच नसली तरी इचारतो."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. संदीप कॉलेजात असताना गोलकीपर होता. त्याची टीमही आमच्यासारखीच, आणि तीही एकदाच फायनलला पोचली. काका गोलपोस्टमागे बसले होते. तीनला दहा कमी झाले, कंपनीची बस यायची वेळ झाली, ते उठले. पोरानं मान वळवून जाताना पाहिलं. रात्रपाळीचा माणूस आला नाही म्हणून काकांना डबल ड्यूटी पडली, ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले.

"पोरगं दारातच हुतं. म्हणालं, बाबा, जिंकलो. एक-शून्य." काका हसले. "शेजारच्या लेथवाल्यानं मला आधीच सांगितलं हुतं. पाच-शून्यनं हरल्यात. पण मी गेलो आन् कंपनीत पेढे वाटले."

"हरलेत हे माहीत असून? का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारचे सर. "गेली हो. शेवटच्या मिनिटाला, कॉर्नरवर. शून्य-एक. इरफान रडतोय."

मी फोन खिशात ठेवला. काका माझ्याकडे बघत होते. छत्रीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"काय झालं?"

चौदा वर्षं मी निकाल लिहितोय. कधी अर्धा गोलसुद्धा इकडचा तिकडे केला नाही.

"जिंकलो काका," मी म्हणालो. "एक-शून्य."

"कसा झाला गोल?"

"वारा पडला होता," मी म्हणालो. "सगळे एकदम गप्प झाले. मग... बॉल वर गेला. आणि..."

"खाली यायचं इसरला," काकांनी मदत केली.

"हो."

त्यांनी मान हलवली, उठले आणि समोरच्या मिठाईच्या दुकानात शिरले. बाहेर आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि तडक मैदानाच्या दिशेनं निघाले. "काका, पोरं दमली असतील, उद्या देऊ," असं काहीतरी मी बडबडलो. काका थांबले नाहीत.

मैदानावर रावेतची पोरं फोटो काढत होती. इरफान गोलपोस्टला पाठ लावून, ग्लोव्हजमध्ये तोंड घालून बसला होता. काका त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि पेढा पुढे केला.

इरफाननं वर पाहिलं. "काका, हरलो आम्ही."

"असंल," काका म्हणाले. "मी दहा कमीला उठलो तवा बरोबरी हुती. माझ्यापुरती अजून बी हाय. आ कर."

इरफान रडता रडता हसला, आणि त्यानं आ केला. मग काकांनी एकेका पोराच्या तोंडात पेढा घातला. भिंतीपलीकडे हातोडा पडत होता, उडालेली फक्की पोरांच्या ओल्या गुडघ्यांना चिकटत होती. बराच वेळ कुणी घरी जायला उठलं नाही.

मी फळ्यावर शून्य-एक लिहून आलो. अक्षर काही धड आलं नाही. काका फाटकाशी थांबले होते.

"तुम्हाला आधीच कळलं होतं," मी म्हणालो.

"मास्तर, तुम्हाला खोटं बोलाया येत न्हाई. आमच्या संदीपला बी येत नव्हतं."

"मग तेव्हा कंपनीत वाटले ते पेढे कसले?"

काकांनी पुड्यात हात घालून चाचपलं. तळाशी एकच उरला होता, जरा चेपलेला.

"जिंकल्याचे न्हाईत. मी मॅच सोडून गेलो, तरी पोरगं माझ्यासाठी खोटं बोललं. त्याचे हुते ते," ते म्हणाले आणि चेपलेला पेढा माझ्या तळहातावर ठेवला. "आन् ह्यो तुमच्या खोट्याचा."