नानांचं प्रेशर

आमच्या गल्लीत वळण्याआधी धुडकू नाना उजवा हात बाहेर काढून दाखवायचे. पायी चालताना! मागे सायकल असो, म्हैस असो नाहीतर कोणीच नसो, हात निघायचाच. डावीकडे वळायचं असलं की तोच हात गोल फिरायचा. एकदा मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मागून येत होते, तर नाना कडेला झाले आणि हातानेच मला ‘जा पुढे’ अशी साईड दिली. मी आपली निमूट ओव्हरटेक करून घरी गेले.

नाना एस.टी.चे ड्रायव्हर. शिंदखेड्याकडचं गाव, नोकरी सगळी धुळ्यात गेली आणि रिटायर झाल्यावर जळगावला आमच्या शेजारी दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मी त्यांची ‘मास्तरीनबाई’. एस.टी. सुटली तरी नानांच्या अंगातून गाडी काही गेली नव्हती. जेवायला बसायचं म्हणजे ‘टाकी भरी लेवो’, दुपारी आडवं व्हायचं म्हणजे ‘डेपोमा जावो’. रेल्वेवर मात्र त्यांचा दात. “रूळवर गाडी हाकाले काय अक्कल लागस?” ते म्हणायचे. “स्टेरिंगच नही!” आगगाडीने येणाऱ्या पाहुण्यांकडे ते जरा कीव करूनच बघायचे.

बायकोला ते ‘कंडक्टर’ म्हणत. “कंडक्टर, चहा!” अशी हाक आली की गल्लीतली पोरं खिदळायची. अक्का बिचाऱ्या डोक्यावरचा पदर सारखा करत कपबशी आणून ठेवायच्या. मलाही त्याचं हसू यायचं. पण एकदा पापड लाटता लाटता अक्कांनी मला खरं कारण सांगितलं. आमच्या खानदेशात जुनी माणसं बायकोला नावाने हाक मारत नाहीत, लेकराच्या नावाने मारतात. त्यामुळे नानांच्या त्या ‘सुभाषनी माय’ होत्या, आणि तेच नाव धरून सगळा संसार झाला होता. मग सुभाषसाठी नानांनी साहेबांच्या हातापाया पडून एस.टी.त चिकटवायची सोय केली, आणि हा पठ्ठ्या ‘मला नाही जमणार’ म्हणून सुरतेला कापडाच्या मिलमध्ये निघून गेला. “जाय! आठे परत तोंड दखाडू नको,” असं नाना दारात उभं राहून ओरडले. तो गेला, आणि त्याचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर बायकोला हाक कशी मारायची, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून कंडक्टर.

पुढे सुभाषचं लग्न सुरतेलाच झालं, त्याला मुलगाही झाला. नानांच्या तोंडी तो फक्त ‘सुरतवाला’. सुरतवाल्याचा विषय निघाला की नाना उठून अंगणातल्या नळाची तोटी घट्ट करत बसायचे. ती तोटी कधीच गळत नव्हती.

एका पावसाळ्याअखेरीस नानांचं डोकं सारखं दुखायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी आमचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी दंडाला पट्टा बांधून तपासलं. परत येताना नाना आमच्या फाटकाशीच थांबले. चेहरा हा फुललेला.

“मास्तरीनबाई, डाक्टर म्हने, पिरेसर फुल्ल शे!”

“अहो नाना, ते वाईट असतं.”

“वाईट? पिरेसर?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन अधिक दोन पाच म्हटलं होतं. मग त्यांनी मला समजावून दिलं. गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. सकाळी गाडी चालू केली की काटा वर चढायची वाट बघायची. प्रेशर भरल्याशिवाय जो गाडी हलवतो तो ड्रायव्हर नव्हे, खुनी. ज्याचं प्रेशर लो त्याचा ब्रेक लागत नाही. “या उमरमा मनं फुल्ल शे,” ते म्हणाले आणि त्या आनंदात अक्कांना वांग्याचं भरीत करायला सांगितलं. समोरच्या देशपांड्यांना लो ब्लडप्रेशर होतं. नाना त्यांना भेटायला गेले आणि फार हळहळून आले.

शेवटी डॉक्टरांनाच गाडीत चढावं लागलं. “नाना, हवा भरतच राहिली, भरतच राहिली, तर टाकीचं काय होईल?”

“सेफ्टी वाल उघडस.”

“तुमचा वाल अडकलाय. ही गोळी म्हणजे वाल. रोज सकाळी घ्यायची, आणि काही झालं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केली तर टाकी फुटेल.”

हे नानांना पटलं. दिवाळी तोंडावर आली होती तेव्हा गोळी सुरू झाली, आणि नाना पार बदलले. डोकं दुखायचं थांबलं. नाडी संथ झाली. पण त्याबरोबर त्यांचा रागही गेला हो! आमचा दूधवाला दुधात बिनदिक्कत पाणी घालायचा आणि रोज सकाळी नाना त्याचा उद्धार करायचे, त्यावर आम्ही घड्याळं लावायचो. आता नाना पातेल्यात डोकावून नुसते म्हणायचे, “पानी चांगलं शे.” दूधवालाच धास्तावला. त्याने मला विचारलं, “बाई, नानाले काय व्हयनं?” नानांना विचारलं तर म्हणत, “इंजिन आयडलिंगवर शे. अ‍ॅक्सिलेटर दाबा, गाडी पयतच नही.”

त्याच दिवाळीला सुभाष बायको-पोराला घेऊन येणार होता. इतक्या वर्षांनी स्वतःहून त्याने तसं कळवलं होतं. नाना म्हणाले, “येवो का न येवो, माले काय!” आणि दुसऱ्या दिवशी घराला चुना लावायला लागले. सुभाष आला नाही. मुलाला ताप आला, असा निरोप आला. अक्कांनी डोळे पुसत करंज्या आमच्याकडे आणून दिल्या. नाना नळापाशी बसून होते.

थंडी सरली. मे महिन्याच्या सुट्टीत नक्की येतो, दिवस मिलवाले ठरवतील, असं सुभाषने पुन्हा कळवलं. आणि एका सकाळी आम्ही सगळे दचकून उठलो. “अरे भामट्या! हाई दूध शे का गिरणा नदी?” नानांचा आवाज थेट कोपऱ्यापर्यंत! गल्लीला काय आनंद झाला म्हणून सांगू. दूधवाला तर हसतच पुढच्या दारी गेला. अक्का म्हणाल्या, “बाई, मना मानूस परत ऊना!” नाना बरे झाले असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

फक्त एक गोष्ट नवीन होती. दुपारी ऊन मी म्हणत असताना नाना टोपी घालून कुठेतरी जायचे आणि घामाघूम होऊन परत यायचे. “कुठे जाता?” म्हटलं की, “ट्रायल मारी ऊनू.”

एक दिवस ट्रायल मारायला गेलेले नाना रिक्षातून परत आले. रिक्षावाल्याने त्यांना धरून उतरवलं. चेहरा पांढराफटक, छाती वरून दिसेल इतकी धडधडत होती. रिक्षावाला म्हणाला, “टेसनवर व्हतात. सुरत पॅसेंजरना फलाटवर. बाकवर बशेल व्हतात अन् एकदम वाकनात.” स्टेशनवर? आमचे नाना? अक्का धावत आल्या. नानांनी त्यांचा हात पकडला आणि म्हणाले, “सुभाषनी माय, छातीमा कसं तरी व्हस.” ते नाव ऐकून अक्का मटकन खालीच बसल्या.  तसंच दोघांना रिक्षात घालून आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. आमचे डॉक्टर तिथे आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “गोळी बंद केली होती?”

नानांनी मान हलवली. डॉक्टर आम्हाला बाहेर म्हणाले, “थोडक्यात निभावलंय. पण गोळी पुन्हा सुरू झालीच पाहिजे. पुढच्या वेळी निभावेल याची खात्री मी देणार नाही.” अक्कांनी मला एस.टी.डी. बूथवरून सुरतेला सुभाषच्या शेजारी फोन करायला लावला. मी परत आले तर नानांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

“बाई, तुम्ही शिकेल शेतस. बेटा म्हंजे काय?”

“मुलगा.”

“अन् घाटमा दरड पडनी का रोड ब्लॉक व्हस. म्हंजे रस्ता बंद. बरोबर?”

“बरोबर.”

“मंग बेटा ब्लॉकर म्हंजे काय?”

 मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एकदा औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला होता. डॉक्टर त्याला गोळीबद्दल कौतुकाने म्हणाले, ‘आमच्या नानांना बीटा ब्लॉकर फार छान लागू पडलंय.’ नाना बाकावर बसून ऐकत होते. त्यांच्या कानांनी ऐकलं, बेटा ब्लॉकर. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“गोई सुरू व्हयनी दिवाईले. अन् दिवाईलेच त्याना रस्ता बंद व्हयना,” ते हळू आवाजात म्हणाले. “गोई मना पोटमा, अन् ताप तठे त्याना पोरले. डाक्टरना काय दोस? त्यास्ले काय ठाऊक, माले एकच आंडोर शे.”

एकच मुलगा, म्हणून त्या माणसाने गोळी गिळायचं सोडलं होतं. टाकी फुटली तर फुटू दे, पण रस्ता मोकळा राहू दे.  मग मी मास्तरीण झाले, कारण मला दुसरं काही होता येत नाही. “नाना, बेटा नाही, बीटा. ब वर मात्रा नाही, त्याला वेलांटी आहे. दुसरी. परदेशातल्या कुठल्याशा लिपीतलं ते एक अक्षर आहे, आपलं ‘ख’ असावं तसं. मुलाचा काही संबंध नाही.” आयुष्यभर मी पोरांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या, पण एवढ्या कळकळीने एकही नाही. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “डाक्टरले शुद्धलेखन येस का?”

गोळी त्यांनी घेतली नाही. नर्सने दिली की तोंड मिटून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभाष आला. उंच, काळासावळा, हातात कापडी पिशवी, थेट नानांची हनुवटी. दारातच थबकला. नानांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांनी काय बोलतात, याकडे आमचे कान लागले.

“खादं का काही?” नाना म्हणाले.

“खादं.”

झालं. नाना माझ्याकडे वळले, आणि आजारी माणसाच्या चेहऱ्यावर शोभू नये असा विजय त्यांच्या चेहऱ्यावर होता. “देखं का बाई? गोई बंद, रस्ता चालू!”

 माझी वेलांटी, डॉक्टरांचं शास्त्र, सगळं त्या एका पुराव्यापुढे आडवं झालं. मी सुभाषला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला.  मग आत जाऊन नानांच्या खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसला.

“नाना, दिवाईले मना पोरले ताप नव्हता.”

नानांनी मान वळवली.

“तिकिटं काढेल व्हतात. पन तुम्ही दारमाईनच हाकली देशात, असं वाटनं. माले भ्याव वाटनं, नाना. गोईनी माले अडावं नही. मीच ऊनू नही.”

 अक्का पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. नानांनी आपल्या हाताच्या पंजाकडे पाहिलं, ज्याने त्यांनी त्या दिवशी पोराला दार दाखवलं होतं. आजवर मी त्यांना काय काय अवतारात पाहिलं, पण असे कधीच नाही. “मी वरडनू, तवय तू लहान नव्हता,” ते म्हणाले, “पन मी मोठा असूनबी वरडनू.” हे ते सुभाषला म्हणाले की स्वतःला, मला कळलं नाही.

सुभाषने गोळी पाकिटातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“हाई घिदी ते तू जाशी का?”

“जासू, नाना. नोकरी शे तठे. पन तुमना नातूले लई परत येसू. आखाजीलेच येसू.” आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती.

नानांनी गोळी जिभेवर ठेवली. अक्कांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. ते प्यायले आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, लहान मूल इंजेक्शन घेताना मिटतं तसे. आम्ही तिघेही त्यांच्याकडे बघत होतो. बाहेर कुणीतरी बादली आपटली, कुणी खोकलं. मग नानांनी हळूच एक डोळा उघडला.

सुभाष स्टुलावर बसलेला होता.

नानांनी दुसराही डोळा उघडला. हात लांब करून त्याचं मनगट चाचपून पाहिलं आणि धरून ठेवलं.

“शे,” ते म्हणाले. “आठेच शे.”